पिनकोड दोनदा लिहा, मग ती संख्या उलगडा

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे गणिताच्या गप्पांना काही पोट्टे येतात. बारा आकडी संख्या फळ्यावर लिहिली की सगळे पहिल्या दिवशी एकच करतात: लगेच भागायला बसतात. दोनने जाते का? नाही. तीनने? जाते. सातने? अर्ध्या तासात वहीची चार पानं भरतात, आणि मग एकेक जण उठून कूलरसमोर जाऊन बसतो. दोष त्यांचा नाही. मोठ्या संख्येकडे आधी नुसतं बघायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

हा लेख अशाच नवख्यांसाठी आहे. एकच संख्या घेऊ आणि तिला शेवटपर्यंत सोलू. वही, पेन्सिल आणि दुकानदाराकडे असतो तसा बारा आकडी कॅल्क्युलेटर, एवढंच लागेल. नववीपर्यंतचं गणित पुरे.

संख्या आपल्या गावचीच घेऊ. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा, पिनकोड ४४०००१. देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने केली. ते संस्कृतचे कवीही होते. सहा अंक मात्र फार लवकर संपतात, म्हणून तोच पिनकोड शेजारी पुन्हा लिहू:

४४०००१४४०००१

सराव स्वतःच्या संख्येवर करायचा असेल तर पिनकोड घ्या, गाडीचा नंबर घ्या. आधार क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक वहीत लिहून चारचौघांत फिरवू नका.

आधी वाचा

हसू नका, पण निम्म्या चुका इथेच होतात. उजवीकडून पहिले तीन अंक, मग दोन-दोन: ४,४०,००,१४,४०,००१. म्हणजे ४४ हजार कोटी, १४ लाख, ४० हजार, १. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) स्थानांची नावं एककापासून परार्धापर्यंत, एकूण अठरा आहेत. त्या हिशेबाने ही संख्या ४ निखर्व, ४ खर्व, १ प्रयुत, ४ लक्ष, ४ अयुत आणि १. तिथे दर घराला वेगळं नाव आहे, त्यामुळे शून्यं मोजायला बोट ठेवावं लागत नाही. मला ही पद्धत आवडते, पण बाजारात कोणी ऐकून घेणार नाही.

किती दूर जायचं ते ठरवा

एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या दोघींपैकी एक तरी वर्गमूळाच्या आत असते. दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठ्या असत्या तर गुणाकार त्या संख्येच्या पुढे गेला असता. म्हणून विभाजक वर्गमूळापर्यंतच शोधायचे.

६६३ चा वर्ग ४,३९,५६९ आणि ६६४ चा ४,४०,८९६. आपली संख्या ४ लाख ४० हजार १ या आकड्याच्या साधारण दहा लाखपट, म्हणजे वर्गमूळ ६ लाख ६३ हजार आणि ६ लाख ६४ हजार यांच्या मधे. तिथपर्यंत मूळ संख्याच पन्नास हजारांवर आहेत. एका भागाकाराला अर्धा मिनिट धरा आणि हिशेब तुम्हीच करा. म्हणून सांगतो, लगेच भागायला बसू नका.

स्वस्तातल्या कसोट्या

शेवटचा अंक १. म्हणजे २ आणि ५ गेले.

अंकांची बेरीज: ४+४+१ म्हणजे ९, दोनदा म्हणून १८. ९ ने जाते. भागून टाका: ४८८८९०४८८८९. बघा, इथेही ४८८८९ दोनदा दिसतंय, मधे एक शून्य. हे लक्षात ठेवा. या नव्या संख्येच्या अंकांची बेरीज ७४, तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ हा अवयव नेमका दोनदा आहे, तिसऱ्यांदा नाही.

आता ७, ११ आणि १३ एका फटक्यात. ७×११×१३ = १००१, म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडून उजवीकडून एकदा अधिक, एकदा वजा करायचे. आपले गट: ००१ वजा ४४० अधिक ००१ वजा ४४०, उत्तर वजा ८७८. त्याला ७, ११, १३ पैकी कोणीच भाग देत नाही. बाक्या वहीच्या समासात लिहून ठेवा: ७ ने ४, ११ ने २, १३ ने ६. (उत्तर वजा आहे, म्हणून ८७८ ची बाकी भाजकातून वजा केली. ८७८ ला ७ ने भागल्यावर ३ उरतात, तर इथे ७ − ३ = ४.) ‘भाग जात नाही ना, मग बाकी कशाला लिहायची?’ असं पोट्टे विचारतात. पुढे तीच कामाला येणार आहे.

आता नुसतं बघा

लहानपणी एक खेळ सगळ्यांनी केला असेल. कोणताही तीन अंकी आकडा मनात धरा, तो दोनदा लिहा, ७ ने भागा, ११ ने भागा, १३ ने भागा, मूळ आकडा परत हजर. ३४७३४७ म्हणजे ३४७×१००१, एवढंच त्याचं गुपित. इथे सहा अंक दोनदा लिहिलेत. म्हणजे

४४०००१४४०००१ = ४४०००१ × १०००००१

पन्नास हजार भागाकारांचं ओझं या एका ओळीत उतरलं. आता दोन छोट्या संख्या वेगवेगळ्या फोडायच्या.

१०००००१ म्हणजे दहाचा सहावा घात अधिक १. त्यालाच १०० चा घन अधिक १ म्हणा. घनांच्या बेरजेचं शाळेतलं सूत्र लावा: (१०० + १) गुणिले (१०००० − १०० + १), म्हणजे १०१ × ९९०१. पडताळा तोंडी होतो: ९९०१०० + ९९०१ = १०००००१.

१०१ ची कसोटीही गोड आहे. दोन-दोन अंकांचे गट, एकदा अधिक एकदा वजा: ०१ − ०० + ४४ − ०१ + ०० − ४४ = ०. हे आधी माहीत असतं तर सूत्राशिवायही १०१ सापडला असता.

१०१ मूळ आहे. ९९०१ चं काय? तिचं वर्गमूळ शंभराच्या जरा आत, म्हणजे ९७ पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्या तपासायच्या. पण इथे एक युक्ती आहे. समजा शंभराच्या आतली मूळ संख्या ‘प’ ही ९९०१ ला भागते. मग ती १०००००१ लाही भागते. म्हणजे ‘प’ ने भागल्यावर दहाच्या सहाव्या घाताची बाकी वजा १, आणि बाराव्या घाताची बाकी १. बाकी १ त्याआधीच्या एखाद्या घातावर येऊ शकते का? तसं व्हायला ‘प’ ने १०१ ला भागावं लागेल. पण १०१ मूळ आहे आणि ‘प’ शंभराच्या आत. म्हणजे बाकी १ यायला पूर्ण बारा पायऱ्या लागतात. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार दहाच्या (प − १) व्या घाताचीही बाकी १ असते. म्हणून प − १ ला १२ ने भाग गेलाच पाहिजे.

शंभराच्या आत अशा मूळ संख्या पाचच: १३, ३७, ६१, ७३, ९७. बाक्या अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७. एकही शून्य नाही. ९९०१ मूळ आहे, आणि पंचविसाऐवजी पाच भागाकारांत काम झालं. ही पायरी पहिल्या वाचनात डोक्यावरून गेली तर चालेल. पंचवीस भागाकार करा, उत्तर तेच येईल.

या बारा पायऱ्या डोळ्यांनी बघायच्या असतील तर १ ला ९९०१ ने भागा: ०.०००१००९९९८९९, आणि पुढे हेच बारा अंक पुन्हा पुन्हा.

जिथे घाम गाळावाच लागतो

राहिलं ४४०००१. त्यातून ९ काढले की ४८८८९. त्याचं वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे. तिथपर्यंत मूळ संख्या ४७. त्यातल्या २, ३, ५, ७, ११, १३ आपण मघाच बाद केल्या, कारण ९ काढून उरलेल्या मोठ्या संख्येला जे भागत नाहीत ते तिच्या अवयवालाही भागणार नाहीत. उरल्या ४१, १७ पासून २११ पर्यंत. इथे कुठलीही युक्ती नाही. बसून भागायचं.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची तर: ४८८८९ ÷ ३१ = १५७७.०६४५... त्यातून १५७७ वजा करा, उरलेल्या दशांशाला ३१ ने गुणा, २ च्या अगदी जवळ काहीतरी येईल. बाकी २. प्रत्येक भागाकाराची बाकी लिहा. नुसतं ‘नाही’ लिहिलं तर चूक झाल्याचं कधीच कळणार नाही.

माझंच सांगतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्री दहाच्या सुमारास ९७ वर पोचलो आणि ९७ × ५०४ = ४८८८९ असं चक्क लिहून मोकळा झालो. अवयव सापडला! चहा केला, घरात सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारचा आठवीतला मुलगा वही चाळत म्हणाला, ‘‘काका, सात चोक अठ्ठावीस. शेवटी आठ पायजे न जी, नऊ काहून?’’ गुणाकार ४८८८८ होता. बाकी १. एका अंकाने फसलो आणि चहा फुकट गेला. तेव्हापासून अवयव सापडला असं वाटलं की मी आधी गुणाकाराचा शेवटचा अंक बघतो.

या संख्येत असे चकवे बरेच आहेत. १९ ने बाकी २, ३१ ने २, ८३ ने २, १०१ ने ५. सगळे उंबऱ्यापर्यंत येऊन परत जातात. २११ ने बाकी १४८ आली की संपलं. ४८८८९ मूळ आहे.

म्हणजे,

४४०००१४४०००१ = ३ × ३ × १०१ × ९९०१ × ४८८८९

पडताळा

आता समासातल्या बाक्या काढा. ११ ने भागल्यावर: ९ ची बाकी ९, १०१ ची २, ९९०१ ची १, ४८८८९ ची ५. गुणाकार ९०, त्याची ११ ने बाकी २. आपण २ च लिहिली होती. ७ ने: २, ३, ३ आणि १, गुणाकार १८, बाकी ४. जुळली. १३ चा पडताळा तुम्ही करा, ६ यायला हवी. तिन्ही ठिकाणी जुळलं तर चूक राहण्याची शक्यता फार कमी. नऊने बाकी काढायची जुनी पद्धत इथे मात्र कुचकामी आहे. संख्येत ९ आहेच, त्यामुळे एका बाजूला शून्य ठरलेलं आणि दुसऱ्या बाजूलाही ९ गुणला की शून्यच. ४८८८९ च्या जागी चुकीची संख्या घेऊनही पडताळा जुळेल.

अवयव मिळाले की काय काय फुकट मिळतं

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातात १ मिळवा आणि गुणा: ३×२×२×२ = २४.

त्यांची बेरीज? (१+३+९) × (१+१०१) × (१+९९०१) × (१+४८८८९), म्हणजे १३×१०२×९९०२×४८८९० = ६४,१९२ कोटी ८२ लाख ४२ हजार २८०. त्यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात २०,१९२ कोटी ६८ लाख २ हजार २७९. हे संख्येच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून ती परिपूर्ण (म्हणजे स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज नेमकी स्वतःइतकीच असलेली) नाही, त्याच्या बरीच अलीकडे आहे. विषम परिपूर्ण संख्या आजवर कोणालाच सापडलेली नाही, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

पूर्ण वर्ग? नाही, १०१ एकदाच आलाय.

हे सगळं ठीक. पण या संख्येतली खरी मजा दोन वर्गांच्या बेरजेत आहे, आणि तिथे जरा रेंगाळू.

ज्या विषम मूळ संख्येला ४ ने भागल्यावर १ उरतो, ती दोन वर्गांची बेरीज असते आणि तशी मांडणी एकच असते. फर्माने हे लिहून ठेवलं, सिद्धता पुढे ऑयलरने दिली. ४ ची बाकी शेवटच्या दोन अंकांवरून कळते: १०१, ९९०१ आणि ४८८८९, तिघांचीही १. पहिल्या दोघी तर चेहऱ्यावरच लिहून आणतात: १०० + १ आणि ९८०१ + १००, म्हणजे १० व १ चे वर्ग, आणि ९९ व १० चे.

४८८८९ साठी शोधावं लागतं. वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच असतो. बेरजेच्या शेवटी ९ हवे तर ० आणि ९, नाहीतर ५ आणि ४. म्हणजे दोघांपैकी एकजण ५ च्या पाढ्यातला असलाच पाहिजे. मग ५, १०, १५ असे वर्ग वजा करत जा. पंधराव्या खेपेला ७५ येतो: ४८८८९ − ५६२५ = ४३२६४, आणि हा २०८ चा वर्ग आहे.

दोन्ही बाजूंना ३ ने गुणा, ७५ चे २२५, २०८ चे ६२४:

४४०००१ = २२५×२२५ + ६२४×६२४

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू २२५ आणि ६२४ घेतल्या तर कर्णाचा वर्ग म्हणजे आपल्या जीपीओचा पिनकोड. हे दिसलं त्या दिवशी मी उगाचच तिथे जाऊन एक पोस्टकार्ड टाकून आलो.

आता ब्रह्मगुप्ताची करामत. त्याने सातव्या शतकातच दाखवलं की दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं तर उत्तरही दोन वर्गांची बेरीजच असते. पाककृती सोपी आहे. पहिली जोडी २२५ व ६२४. दुसरी १००० व १, कारण १०००००१ म्हणजे हजाराचा वर्ग अधिक १. उभे गुणाकार आणि तिरपे गुणाकार करा, एक जोडी मिळवा, एक वजा करा:

२२५००० + ६२४ = २२५६२४
६२४००० − २२५ = ६२३७७५

या दोघांच्या वर्गांची बेरीज करून बघा. ५०९०६१८९३७६ आणि ३८९०९५२५०६२५, मिळून ४४०००१४४०००१. मिळवणं आणि वजा करणं यांची अदलाबदल केली की दुसरी जोडी: २२४३७६ आणि ६२४२२५.

अजून दोन जोड्या आहेत. १०००००१ हा ९८० आणि १९९ यांच्या वर्गांचीही बेरीज आहे. त्यावरून ३४४६७६ व ५६६७४५, आणि ९६३२४ व ६५६२९५. एकूण चार. पाचवी नाही: ४ ने १ बाकी देणारे तीन वेगवेगळे मूळ अवयव आहेत, दर अवयवाला दुप्पट होऊन आठ, आणि क्रम उलटा केलेल्या जोड्या वेगळ्या धरायच्या नाहीत म्हणून निम्मे.

यंत्राकडे कधी वळायचं

हाताने एकदा केल्यावर. लिनक्सवर ‘फॅक्टर’ लिहून पुढे संख्या टाकली की अवयव क्षणात येतात. एक्सेलवर मात्र भरवसा ठेवू नका. ते पंधरा अंकच जपतं, सोळाव्यापासून गुपचूप शून्यं भरतं. आपली संख्या बारा अंकी म्हणून तिथे निभावते. पिनकोड तीनदा लिहिलात की फसलात.

आणि प्रत्येक मोठी संख्या अशी बोलकी नसते. मुद्दाम निवडलेल्या दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर बघण्यासारखा आकारच उरत नाही. आरएसए-२५० नावाची २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली, तीही कित्येक संगणक एकत्र राबवून. संख्या मूळ आहे की नाही एवढंच ठरवणं त्या मानाने हलकं काम. त्यासाठीची एक नेमकी आणि झटपट रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. अवयव न सांगताच ती ‘मूळ नाही’ एवढं सांगू शकते. नवख्यांना हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

घरचा अभ्यास

पहिला सोपा: ४४००२२ फोडा. ११ ची कसोटी लगेच लागू पडेल, आणि पुढे ५९ भेटेल.

दुसरा जरा खोडकर. जीपीओच्या पिनकोडमधलं एक शून्य काढा: ४४००१. त्याला ९ ने भागा, ४८८९ येईल. तो मूळ आहे, ६७ पर्यंत तपासून बघा. पूर्ण पिनकोडमधून ४८८८९ आला, तोही मूळ. पोट्टे लगेच म्हणतात, म्हणजे एक शून्य वाढवलं तरी मूळच येणार. वाढवा: ४४००००१. ९ ने भागलं की ४८८८८९. आता अंकांची बेरीज करा, आणि पुन्हा एकदा ९ ने भागा.

५४३२१.

याचे अवयव तुम्ही काढा.